बी विंगमधला वानवळा

(एकपात्री विनोदी प्रयोग)

पात्र : एक. वय पंचेचाळीस, गुडघ्यांचं वय साठ.

नेपथ्य : एक स्टूल, त्यावर पाण्याचा तांब्या. मागे फ्लॅटचा बंद दरवाजा. दरवाज्यावर तोरणाच्या जागी पांढऱ्या कांद्यांची माळ.

(अंधारात विंगेतून धापा टाकण्याचा आवाज. प्रकाश येतो. खांद्यावर पोतं घेऊन तो येतो. पोतं धप्पकन खाली ठेवतो. कंबरेवर हात ठेवून प्रेक्षकांकडे बघतो.)

बसा, बसा. उठू नका.

(थांबतो.)

कुणी उठलंच नव्हतं म्हणा. बरोबर आहे. माणूस ओझं घेऊन आला की आपण आधी बघतो, यात आपल्यासाठी काही आहे का. आहे! पण ते शेवटी. आत्ताच दिलं तर मध्यंतराला निम्मं सभागृह पार्किंगमध्ये.

(पोत्यावरच बसतो.)

सगळं सुरू झालं एका डब्यापासनं. मागे एका दिवाळीत ऑफिसातून डबा मिळाला. डबा म्हणजे काय सांगू! आतून मखमल, झाकणाला चुंबक. आमच्या लग्नात दागिन्यांची जी पेटी आली होती तिला साधी कडी होती. इथं चुंबक! झाकण लावलं की ‘टक्’. बायकोनं पाच वेळा टक्-टक् केलं, मग म्हणाली, “आता आत काय आहे ते बघू या.”

आत चार खण. खणात मूठमूठ माल. पहिल्या खणात बदाम. कॅलिफोर्नियाचे. जगात पाच बदाम पिकले तर त्यातले चार त्या एका राज्यात पिकतात. दुसऱ्या खणात पिस्ते, इराणचे. तिसऱ्यात सुकं अंजीर, अफगाणिस्तानचं. मी लांबात लांब शिर्डीला गेलेला माणूस. माझ्या मांडीवरच्या डब्याचा प्रवास माझ्यापेक्षा जास्त!

आणि चौथ्या खणात, डाव्या कोपऱ्यात, बेदाणा. मी हातात घेतला. निरखून बघितला. म्हटलं, हा चेहरा ओळखीचा आहे. तासगावचा! आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातला. शेडमध्ये जाळीवर पंधरा-पंधरा दिवस वाळलेलं पोर. म्हटलं, “काय रं, कसं चाललंय?” तर म्हणाला, “काय सांगू दादा, यजमान मी, आन् कोपऱ्यात बसवलंय मला. पासपोर्ट न्हाई म्हणून.”

(उठतो.)

आणि त्या अंजिराचं तर मला फारच लागलं. अहो, सासवड पुण्यापासून तीस किलोमीटर. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन आहे. पण आमचं अंजीर ओलं खायचं. ते वाळायची वाट बघत नाही, डब्यात बसत नाही, चुंबकाला दाद देत नाही. म्हणून अफगाणिस्तान.

सोनपापडीवर मी बोलणार नाही. दर दिवाळीला तिच्यावर इतके विनोद फिरतात, की सोनपापडी कमी फिरते.

तर पुढच्या दिवाळीआधी मी ठरवलं. यंदा दिवाळीला लोकांना आपल्या मातीतलं द्यायचं. आपल्या म्हणजे माझ्या. कोल्हापूर जिल्हा, आजरा तालुका. बायकोला सांगितलं. बायको डोंबिवलीची. तिनं पहिला प्रश्न विचारला, “अहो, किती पडेल?”

म्हटलं, “फुकट. घरचंच आहे.”

“मग नको. फुकटातलं दिलं की लोकांना कळतं.”

(खिशातून फोन काढतो. फोन लांब धरतो, कारण पलीकडे आई आहे.)

आईला फोन लावला. आमची आई फोनवर बोलत नाही, ती आजऱ्यातनं पुण्याला हाक मारते. मधे फोन उगीच असतो.

“आई, दिवाळीला लोकांना द्यायला गावचं काहीतरी पाठव.”

“वानवळा व्हय?”

(फोन छातीशी धरतो.)

वानवळा! कितींनी ऐकलाय हा शब्द? हात वर करा. बघा, ज्यांचे हात वर आहेत त्यांचे केस पांढरे आहेत. ज्यांचे काळे आहेत त्यांनी कलप लावलाय.

वानवळा म्हणजे गिफ्ट नव्हे. शेतात पहिली काकडी आली की ती आधी शेजारी जाते. भुईमूग उपटला की ओल्या शेंगांची पाटी गल्लीतून फिरते. का? तर आमच्याकडं आलंय, तुम्ही चव बघा. त्याला दिवाळी लागत नाही, वाढदिवस लागत नाही, मार्चअखेर लागत नाही. समोरचा साहेब आहे का शिपाई, हे बघत नाहीत. पीक आलं, वानवळा निघाला. नियम एकच : ज्या भांड्यातून आलं, ते भांडं रिकामं परत जात नाही. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची. पण रिकामं नाही.

माझ्या लहानपणी आमचं एक पितळी पातेलं होतं. ‘आमचं’ मी म्हणतो. ते गेलं शेजारी, पावटा घेऊन. आलं परत, लोणचं घेऊन. गेलं, आलं, गेलं, आलं. तीन वर्षांनी पातेलं मूळ कुणाचं हेच कुणाला आठवेना. आम्ही नव्या घरात राहायला गेलो तेव्हा ते त्यांच्याकडं होतं. आज चाळीस वर्षं झाली, दोन्ही घरांचं म्हणणं एकच, पाळी समोरच्याची.

(पुन्हा फोन.)

“किती घरं हाईत?”

“वीस.”

“आन् माणसं?”

“माणसं कशाला मोजायची आई? बॉक्स घराला एक.”

“आरं, खाणार घर हाय का माणसं?”

(फोन ठेवतो.)

चार दिवसांनी आईचा फोन. “गाडीला दिलंय. स्वारगेटला उतरून घे.”

“कुठल्या गाडीला?”

“पुण्याच्या.”

“ड्रायव्हरचं नाव काय?”

“नाव कशाला इचारू? मिशी हाय त्याला.”

पहाटे पाच वाजता मी स्वारगेटला. कोल्हापूरकडनं आलेल्या गाड्या आठ. मिश्या सोळा, कंडक्टर धरून. आणि मी एकेका मिशीसमोर उभा राहून विचारतोय, “माझी आई भेटली होती का?” तिसऱ्या मिशीनं मला चहा पाजला. म्हणाली, “बाबा, सापडंल. रडू नको.”

सापडलं. सहाव्या मिशीकडं होतं. तीन वस्तू.

(बोटं मोजतो.)

एक, युरियाच्या पोत्यात घनसाळ तांदूळ. पोतं तीनदा धुतलेलं, पण अक्षरं पक्की. तांदूळ असा, की एका घरात शिजला तर लिफ्टमधल्या माणसाला भूक लागते. तांदूळ गेल्या सालचा, कारण घनसाळची कापणी दिवाळीनंतर. आणि तांदूळ जुनाच चांगला. नवा भात चिकटतो, जुना मोकळा होतो. नवऱ्यासारखाच.

दोन, एक बाटली. बाटलीचं नंतर सांगतो. बाटलीनं माझं प्रमोशन अडवलं.

आणि तीन, गुळाचा रवा. रवा म्हणजे उपम्याचा नव्हे. आमच्याकडं गुळाच्या ढेपेला रवा म्हणतात. बाजारात जुना रवा तीस किलोचा. आईनं दहाचा पाठवला. म्हणाली, “तू शहरात ऱ्हातोस, तुला उचलंल तेवढा दिला.”

घरी आणला. बायकोनं फडकं सोडलं आणि एक पाऊल मागं.

“अहो, हा जळलाय.”

“जळला नाही, काळा आहे.”

“मग खराब झालाय.”

(कपाळाला हात.)

आता हिला कसं सांगू? माझा चुलता गुळव्या. गुळव्या म्हणजे गुऱ्हाळावरचा सरन्यायाधीश. गुऱ्हाळावर बारा माणसं राबत असतात. एक ऊस चरकात घालतोय, एक चुलवाणाला चिपाडं घालतोय, काहिलीतला रस उकळतोय, वर येणारी मळी एक जण काढतोय. आणि माझा चुलता? बाजूला उभा. हात मागं. काही करत नाही. पण त्याच्याशिवाय काहील उतरत नाही!

(चुलत्याच्या थाटात चालतो.)

रस साफ करायला रानभेंडीचा चिकट रस घालायचा, तो किती, हे चुलता सांगणार. मग उकळी दाटत जाते. बुडबुडे लहान होतात, आवाज बदलतो. लोकांनी तापमापक आणलाय आता. एकशे अठरा अंशाच्या आसपास गूळ तयार होतो म्हणतात. चुलता म्हणतो, “त्या काचंच्या नळीला काय कळतंय? तिनं कधी गूळ खाल्लाय का?” तो पळीभर रस गार पाण्यात सोडतो, बोटांनी गोळी वळतो, आणि म्हणतो—

(डोळे मिटतो. लांबलचक शांतता. एक डोळा उघडतो.)

“...उतरा.”

एवढाच शब्द! या शब्दाचे त्याला पैसे मिळतात. मी ऑफिसात दिवसभर हजार शब्द बोलतो, एकही उतरत नाही.

तर तो निखळ गूळ तांबूस-काळाच होतो. बाजारात पिवळाधमक दिसतो ना, तो पुष्कळदा हायड्रॉस घालून पिवळा केलेला. का? गिऱ्हाइकाला गोरा गूळ पाहिजे! पोरीच्या लग्नात रंग विचारतात, तसा सारणात पण विचारतात.

आणि हिशेब बघा. शंभर किलो ऊस गाळला की दहा-बारा किलो गूळ पडतो. म्हणजे हा माझ्या ओट्यावरचा दहा किलोचा रवा म्हणजे एक क्विंटल ऊस तिसऱ्या मजल्यावर आला होता. लिफ्ट बंद असताना. (गुडघा चोळतो.) म्हणून गुडघे साठ वर्षांचे.

मी आईला फोन करून मोठ्या अभिमानानं सांगितलं, “आई, कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन मिळालंय! २०१४ सालीच! आणि आपल्या घनसाळला २०१६ साली!”

“म्हंजे काय रं?”

“म्हणजे सरकारनं मान्य केलं, की कोल्हापूरचा गूळ हा कोल्हापूरचा आहे.”

(आईच्या आवाजात, शांतपणे.)

“मग त्याच्याआधी त्यो कुणाचा हुता?”

(पाणी पितो.)

बायकोनं मग पॅकिंग मनावर घेतलं. गोणपाटाच्या छोट्या पिशव्या, सुतळीचा बो, त्यावर वाळलेलं फूल. आणि लेबल! ती म्हणाली, लेबलवर काहीतरी लिहिलं पाहिजे. तिनं लिहिलं, ‘मातीचा स्पर्श’. मी म्हटलं, नको, लोक खडे शोधत बसतील. मग ‘आजीच्या हातचा’. म्हटलं, आजी गुऱ्हाळावर कधी फिरकली नाही, हात चुलत्याचे, आणि ते बघितले तर कुणी खाणार नाही. शेवटी नुसतं लिहिलं, ‘गूळ’. सगळ्यात महाग पाकीट तेच दिसत होतं!

राहिला एकच प्रश्न. रवा एक. पिशव्या वीस. फोडायचा कसा?

(पोत्याकडे बघतो. बाह्या सावरतो.)

वसुबारस. सकाळचे सहा. सुरी लावली. सुरी वाकली. पोळपाटावर ठेवून लाटणं मारलं. पोळपाटाला चीर गेली. गूळ जसाच्या तसा. माझ्याकडं बघतोय. चुलत्यासारखा.

मग वरवंटा काढला.

(वरवंटा उगारण्याचा अभिनय. प्रत्येक घावाला पाय आपटतो.)

धाड्!

खालच्या मजल्यावर कुत्रं भुंकलं.

धाड्!

समोरच्या फ्लॅटमध्ये बाळ उठलं.

धाड्! सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, ‘बी विंगमध्ये सुतळी बॉम्ब कोण वाजवतंय? वेळेचं भान ठेवा.’ धाड्! दुसरा मेसेज, ‘आवाज घराच्या आतून येतोय.’ धाड्! सेक्रेटरींचा मेसेज, ‘विनापरवाना भिंत पाडणाऱ्यांवर कारवाई होईल.’

आणि दारावरची बेल.

(दरवाजा उघडण्याचा अभिनय.)

दारात खालचे काका. निवृत्त. इथं शांततेसाठी राहायला आलेले. कानात बोटं. म्हणाले, “काय चाललंय काय?”

माझ्या हातात वरवंटा. मागं बायकोच्या हातात सुरी. मला काय सुचेना. मी पाटावरचं एक ढेकूळ उचललं आणि त्यांच्या हातावर ठेवलं. “काका, गूळ.”

ते बघत राहिले. रागात आलेल्या माणसाला गोड हातात मिळालं की त्याची फार पंचाईत होते. ओरडता येत नाही, आणि ‘थँक्यू’ म्हणवत नाही. त्यांनी तोंडात टाकला. तोंड भरलं. भांडण संपलं.

मग रांगच लागली. सेक्रेटरी आले भिंत बघायला, गूळ घेऊन गेले. बाळाची आई आली, गूळ घेऊन गेली. कुत्र्याचे मालक आले, कुत्र्यासकट. सात वाजेपर्यंत वीस घरांतली चौदा तक्रार करून गूळ घेऊन गेली. पिशव्या, बो, वाळलेलं फूल, सगळं तसंच राहिलं. कुणी हातात नेला, कुणी वाटीत, एकानं हेल्मेटमध्ये. बायको बेडरूममधनं म्हणाली, “लेबल तरी लावा!”

आईला सांगितलं तर म्हणाली, “मग काय, असाच वाटत्यात.”

(हसतो, स्टूलवर बसतो.)

आता फळांचं सांगतो, पण थोडक्यात, कारण त्यात माझी इज्जत गेली. आमचा वॉचमन बीडचा. बालाघाटाच्या डोंगरातला. दिवाळीच्या आधी तो गावाहून सीताफळांचं पोतं घेऊन आला. मी म्हटलं, “केवढ्याला?” त्याला रागच आला. म्हणाला, “साहेब, सीताफळ काय इकायची चीज हाय? डोंगरात नुसतं येतं. ऱ्हाऊ द्या.” म्हणजे बघा, मी वानवळ्यावर भाषणं ठोकत होतो, आणि मला वानवळा मिळाला तेव्हा मी भाव विचारला.

सीताफळं घेतली. ऑफिसातल्या सात जणांना सातसात दिली. मखमलीच्या डब्यात! तसले टक् करणारे डबे जमवलेच होते ना. वॉचमन म्हणाला होता, “डोळे उघडले की त्याच दिशी खायचं बरं का.” सीताफळाचे डोळे म्हणजे त्या खवल्यांमधल्या फटी. त्या पांढरट झाल्या की फळ पिकायला आलं. हे मी कुणाला सांगितलंच नाही. लोकांनी डबे ड्रॉवरमध्ये ठेवले आणि सुट्टीवर गेले. चार दिवस.

भाऊबीजेनंतर ऑफिस उघडलं. म्हणजे आम्ही नाही उघडलं, वासानं उघडलं. एकोणपन्नास सीताफळांनी डोळे उघडले होते. सात ड्रॉवर, सातशे मुंग्या. चुंबक एकदम घट्ट बसलं होतं, चिकटून. कर्मचारी विभागाचं पत्र आलं : यापुढे ‘जिवंत भेटवस्तू’ आणू नयेत.

त्यामानानं आंबा बघा किती हुशार. दिवाळीला येतच नाही. एप्रिल-मेमध्ये येतो, पेंढ्यात बसून, पेटीतून. कुणी त्याला लेबल लावत नाही. उलट लोकच विचारतात, “देवगड का रत्नागिरी?” आमच्या गुळाला कुणी विचारलं का, “आजरा का चंदगड?”

आणि ही माळ. (दरवाज्याकडे बोट.) अलिबागचा पांढरा कांदा. मित्रानं आणून दिली. यालाही २०२२ साली मानांकन मिळालं. बायकोनं सरळ तोरण म्हणून लावली. सगळ्यांच्या दारात लुकलुकणाऱ्या विजेच्या माळा, आमच्या दारात कांद्याची. विजेची माळ आठ दिवसांनी बंद पडते. आमची आठ दिवसांनी मोड काढते.

(खाली बसतो. आवाज कमी करतो.)

आता बाटली.

आईनं काकवी पाठवली होती. गूळ होण्याच्या आधीच काहिलीतनं काढलेला दाट रस म्हणजे काकवी. सोनेरी, तांबूस, मधापेक्षा देखणी. खेड्यात काकवीला वेगळी बाटली नसते. घरात जी बाटली रिकामी होते ती काकवीची. आणि आमच्या गावात कुठली बाटली सगळ्यात आधी रिकामी होते, ते मी सांगायला नको. आईनं ती स्वच्छ धुतली, उकळत्या पाण्यानं. फक्त लेबल निघालं नाही. अर्धं निघालं. उरलेल्या अर्ध्यावर ‘बारा वर्षं मुरवलेली’ एवढं शिल्लक होतं.

मी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी साहेबांकडं गेलो. साहेबांनी कागद जरा सरकवून बघितला, आणि माझा खांदा धरून मला थेट आतल्या खोलीत. दार लावलं.

(साहेबांच्या आवाजात, कुजबुजत.)

“कुठून मिळवली?”

“घरचीच आहे, साहेब. चुलता काढतो.”

“घरी काढता?!”

“घरी म्हणजे रानात. दसऱ्यापासून सगळं गाव काढतं.”

“आणि पोलीस?”

“ते पण नेतात की, साहेब. दोन-दोन बाटल्या.”

साहेब हललेच. मग हळूच, “कशाबरोबर घेता?”

“आम्ही भाकरीबरोबर. पोरांना चपातीबरोबर देतो, सकाळी शाळेत जाताना.”

“पोरांना? शाळेत जाताना?”

“ताकद येते, साहेब. माझी आजी नव्वद वर्षांची होईपर्यंत रोज वाटीभर घ्यायची. वर तूप घालून.”

(साहेब खुर्चीत बसल्याचा अभिनय.)

“तूप... घालून.”

साहेबांनी दोन ग्लास काढले. बर्फ घातला. बाटली तिरपी केली. काही नाही. अजून तिरपी केली. काही नाही. उपडी केली. साहेब बाटलीकडं बघतायत, बाटली साहेबांकडं बघतेय, आणि मध्ये एक थेंब. लोंबकळतोय. पडतही नाही, जातही नाही. दीड मिनिटानं तो बर्फावर उतरला आणि तिथंच गोठला.

साहेबांनी ग्लास तोंडाला लावला.

(मोठी शांतता. चेहऱ्यावर क्रमाक्रमाने : अपेक्षा, शंका, ओळख, शोक.)

“...गोड आहे.”

“हो साहेब. काकवी.”

मग कळलं. साहेबांना साखर. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अगदी कधीतरी घोटभर मद्य चालेल, गूळ-साखर अजिबात नाही.

तेवढ्यात दार उघडलं. साहेबांच्या आई. ऐंशीच्या पुढच्या. माहेर कागलचं. त्यांनी ग्लास बघितला, वास घेतला, आणि बर्फासकट तो ग्लास माझ्या साहेबांच्या हातातनं काढून घेतला. बोट घातलं, चाटलं. म्हणाल्या, “पहिल्या काहिलीची दिसतीय. कुठलं गाव रे तुझं?” मी सांगितलं. मग त्या मला तासभर विचारत बसल्या, कुठल्या ओढ्याकाठी, कुणाचं गुऱ्हाळ, चिपाडाच्या ढिगावर अजून पोरं उड्या मारतात का. साहेब बाजूला उभे. हात मागं. गुळव्यासारखे.

प्रमोशन नाही झालं. पण दर महिन्याला साहेब मला केबिनमध्ये बोलावतात आणि हळूच विचारतात, “आई विचारतेय, बाटली कधी?”

(उठतो. उत्साहात.)

आणि मग भांडी परत यायला लागली! मला वाटलं होतं, शहर आहे, कोण परत देतंय. चौथ्या मजल्यावरच्या गोव्याच्या बाईंनी नरकचतुर्दशीला सकाळी वाटी आणून दिली. आत गोडाचे फोव! गोव्यात दिवाळीला पहाटे नरकासुर जाळतात आणि मग घरोघरी फोव करतात, म्हणजे पोहे, दुधातले, ताकातले, नारळाच्या रोसातले. हे गुळातले होते. आमच्याच गुळातले! दुसऱ्या मजल्यावरचं बिहारी कुटुंब दिवाळीनंतर आलं, “भैया, थोडा और गुड मिलेगा?” दिवाळीनंतर सहाव्या दिवशी त्यांची छट. त्यात कणीक आणि गुळाचा ठेकुआ करतात. डबा भरून ठेकुआ आला. आईला एक पाठवला, त्याच मिशीबरोबर. आई म्हणाली, “शंकरपाळी जरा कडक झाली त्यांची, पण गूळ वळखला मी.”

आणि खालचे काका. त्यांनीही डबा परत दिला. जड नव्हता. उघडला. आत काय?

(चिमटीत धरल्याचा अभिनय.)

कानात घालायचे कापसाचे बोळे. दोन. रिकामा दिला नाही हो माणसानं!

(पोत्याकडे वळतो. पोत्याची सुतळी सोडतो. आतून कापडी पिशवी काढतो.)

तर यंदा आईनं तीसचा रवा पाठवलाय. म्हणाली, “पुण्यात गूळ मागं लागतोय म्हणून ऐकलं.” फोडायचं काम माझ्याकडं होतं. काल रात्री फोडला, याच नाट्यगृहाच्या मागच्या अंगणात. दोनदा सिक्युरिटी आली. दोघांनाही मिळाला.

बाहेर पडताना दाराशी मी उभा आहे. प्रत्येकाला एकेक पिशवी. पिशव्या आईनं शिवल्यात, जुन्या लुगड्याच्या, त्यामुळं त्या मात्र परत पाहिजेत. पुढच्या महिन्यात प्रयोग इथंच आहे, तेव्हा घेऊन या. रिकामी आणू नका.

(जायला निघतो. विंगेजवळ थांबून वळतो.)

आणि कापसाचे बोळे चालणार नाहीत.

(अंधार. अंधारात ‘धाड्!’)

(पडदा)